'बे'चं गोत्र

अमरावती जिल्ह्यात चांदूर नावाची तालुक्याची दोन गावं आहेत. घोटाळा नको म्हणून एकाला फारसी शब्द जोडला गेला, दुसऱ्याला इंग्रजी: चांदूर बाजार आणि चांदूर रेल्वे. ज्या मुलखात गावाचा पत्ताही दोन भाषा मिळून सांगतात, तिथे एका अक्षराच्या शब्दात किती बिऱ्हाडं नांदत असतील हे पाहायचं, तर 'बे' घ्यावा. इथल्या मराठी शाळेत पोरं 'बे एके बे, बे दुणे चार' घोकतात. उर्दू शाळेत 'अलिफ'च्या मागोमाग 'बे' येतो. शाळा सुटली की 'काहून बे, कुठं जाऊन रायला?' सुरू होतं, आणि घरी भाजीत मीठ कमी पडलं की ती 'बेचव' होते. उच्चार एकच, बिऱ्हाडं चार. माझं म्हणणं असं, की या चौघांत सोयरीक नाही, आणि केवळ कानाला सारखं लागतं म्हणून ती जुळवू पाहणारा माणूस भाषेचं नुकसान करतो. कारण असल्या जुळवाजुळवीत खरे नातलग हमखास हातचे निसटतात.

पाढ्यातल्या 'बे'चे खरे नातलग फार लांबवर पसरले आहेत. संस्कृत 'द्वि', 'द्वे' यांतल्या द् आणि व् या जोडाक्षराचं प्राकृतात दोन तऱ्हांनी झालं. कुठे 'द' टिकला, कुठे 'व' टिकून त्याचा 'ब' झाला. प्राकृतात 'दो', 'दोण्णि' आणि 'बे' अशी रूपं शेजारी शेजारी सापडतात. पहिल्या वाटेनं मराठीला दोन, दुसरा, दुणे, दुप्पट मिळाले. दुसऱ्या वाटेनं बारा, बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बाहत्तर, ब्याण्णव. सुटा 'बे' मराठीनं फक्त पाढ्यात जपला, गुजरातीनं मात्र रोजच्या वापरात ठेवला. म्हणून 'बे दुणे' म्हणताना दोन वाटांनी आलेली सख्खी भावंडं पोरांच्या तोंडात एकत्र येतात. पाढा गुजराती व्यापाऱ्यांकडून उचलला असेल, अशी शंका कोणी काढील. पण मग बारापासून ब्याण्णवपर्यंतचा 'ब' कुठून आला, याचं उत्तर त्याला द्यावं लागेल; अख्खी अंकमाला कोणी उसनी घेत नाही. हाच बदल लॅटिनमध्येही स्वतंत्रपणे झाला: 'दोनदा' या अर्थाच्या जुन्या 'द्विस्'चा तिथे 'बिस्' झाला. दोनदा भाजलेलं ते बिस्किट, दोन चाकांची ती बायसिकल. म्हणजे बेचाळीसमधला 'बे' आणि बायसिकलमधला 'बाय' एकाच रक्ताचे. याहून नवल आर्मेनियन भाषेचं. तिथे दोनला 'एर्कु' म्हणतात. कानाला 'दोन'शी काडीचाही संबंध वाटत नाही, तरी नातं पक्कं आहे, कारण मूळ 'द्व'चा त्या भाषेत 'एर्क' होतो आणि तो 'लांब' आणि 'भिणं' या अर्थांच्या शब्दांतही तसाच होतो. आंत्वान मेये या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञानं हे दाखवून दिलं. नातं ठरतं ते अशा नियमानं, चेहऱ्यावरून नव्हे.

आता 'बेचव'मधला 'बे'. तो फारसीचा, 'शिवाय' या अर्थाचा. मध्य फारसीत त्याचं रूप 'अबे' होतं, पुढे 'अ' झडला. हा 'बे' म्हणजे आपला 'विफल'मधला 'वि'च, असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात; पण मागचं 'अबे' हे रूप पाहिलं की ती गोष्ट मोडते. (आणि ते 'अबे' पाहून 'अबे, ऐक' आठवला असेल तर सावध व्हा, सापळा हाच आहे.) वऱ्हाडात हा उपसर्ग आला तो राज्यकारभाराच्या हातानं. अचलपूर ही इमादशाहीची राजधानी होती. पुढे मोगल आले, निजाम आला, आणि दफ्तराची फारसी लोकांच्या जिभेवर बसली. बेइमान, बेवारस हे शब्द तयारच आले, पण बेचव, बेसूर, बेढब यांत फारसी उपसर्गाला इथल्याच शब्दांची जोड आहे. गंमत म्हणजे आजच्या इराणमध्ये हा उच्चार 'बी' झाला आहे. जुना 'बे' भारतात राहिला. तेव्हा आठवडी बाजारात कोणी शेतकरी पडलेल्या भावाला 'बेकार' म्हणतो, तो उच्चारापुरता तेहरानच्या प्राध्यापकापेक्षा जुन्या फारसीच्या जवळ असतो. माधव जूलियनांनी 1925 साली फारसी-मराठी कोश काढला आणि पुढे तेच भाषाशुद्धीच्या बाजूनं हिरिरीनं उभे राहिले. पण 'बेचव'ला घरातून काढायचं तर जायचं कोणी, 'बे'नं की 'चवी'नं?

उर्दूतल्या अक्षराचं प्रकरण सगळ्यांत शिकवणारं. अबजद नावाच्या जुन्या गणनेत प्रत्येक अक्षराला किंमत असते: अलिफ एक, बे दोन. म्हणजे मराठी शाळेतला 'बे' दोन आणि उर्दू शाळेतला 'बे'ही दोन! आवाज जुळला, अर्थ जुळला, शाळाही एकाच गावात. तरी नातं शून्य. अक्षराचं नाव सेमिटिक भाषांतल्या घर या अर्थाच्या शब्दावरून पडलं. अरबी 'बैत' आणि ग्रीक 'बीटा' हे त्याचे भाऊबंद. किंमत दोन, कारण अक्षर ओळीत दुसरं आहे, इतकंच. आवाज आणि अर्थ दोन्ही जुळले की काम झालं, असं समजणाऱ्यांसमोर हा दाखला ठेवावा.

राहिला 'काहून बे'. हा बरोबरीच्याला किंवा धाकट्याला, तोही बहुतेक पुरुषाला. बाईला 'का वं', वडीलधाऱ्याला 'काय जी'. बल्गेरियन भाषेतही पुरुषाशी सलगीनं किंवा तोऱ्यात बोलताना 'बे' लावतात, बाईला 'मा'. आणि 'काय बे' याला तिथे 'काक्वो बे' म्हणतात. तुर्की बोलण्यातही असा 'बे' आहे. तुर्की वंशाचे सरदार दख्खनेत आले होते, मग त्यांच्या घोड्यावरून हा शब्द वऱ्हाडात उतरला असं का म्हणू नये? आक्षेप वाजवी आहे, कारण इतिहासात माणसं खरोखर इकडून तिकडे गेली. पण माणूस आला म्हणजे शब्द आला असं होत नाही. मधल्या पायऱ्या दाखवाव्या लागतात. त्यापेक्षा नकाशा पाहावा. हा 'बे' नागपूर-वऱ्हाडात ठासून आहे, पुणे-साताऱ्याकडे 'रे' आणि 'लेका' यांवर भागतं. शेजारच्या हिंदीत 'क्यों बे' रोजचा आहे, आणि 1903 पासून 1950 पर्यंत वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलेला होता, हिंदी जिल्ह्यांच्या मांडीला मांडी लावून. त्याआधीही सातपुडा ही काही भाषेची भिंत नव्हती. शेजाऱ्याच्या दारात उत्तर असताना इस्तंबूलचं तिकीट कशाला काढायचं?

इतक्या योगायोगांवर विश्वास ठेवणं जड जातं, हे मान्य. पण हिशेब करून पाहा. व्यंजनं तीस-पस्तीस, स्वर दहाएक. एका अक्षराचे आवाज जेमतेम काहीशे होतात. जगात भाषा हजारो. टक्कर झाली नसती तरच आश्चर्य. फारसी 'बद' आणि इंग्रजी 'बॅड' दोन्ही वाईटच, पण ते एकमेकांचे कोणी नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या म्बाबाराम या आदिवासी भाषेत कुत्र्याला 'डॉग'च्या जवळचाच शब्द होता, आणि त्याचा इंग्रजीशी संबंध नव्हता. दुसरा आक्षेप वेगळ्या वळणाचा: ध्वनीतच मूळ अर्थ असतो, बीजाक्षरासारखा, म्हणून सारखा ध्वनी सारखाच अर्थ देणार. याला उत्तर द्यायला चांदूर बाजार तालुक्याबाहेर जायला नको. माधानचे प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज (1881–1915) यांनी 'नावंग' नावाची स्वतःची भाषा रचली. एक माणूस ठरवून नवे शब्द आणि नवं व्याकरण उभं करू शकतो, तर अर्थ ध्वनीला चिकटून जन्मत नाही, तो वापरणाऱ्यांच्या संकेतानं ठरतो, हे उघड आहे.

हे सगळं आत्ता बोलायचं कारण असं, की 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाल्यापासून जगातला जो तो शब्द मराठीतून निघाला असं सांगणाऱ्या मजकुराला ऊत आला आहे. व्हॅटिकन म्हणजे वाटिका, असं पु. ना. ओक सांगत असत. त्यांचे वारसदार आता मोबाइलवर आहेत. अभिजातपणाला असल्या टेकूंची गरज नाही. ज्ञानेश्वरीत जागोजाग येणारा संबोधनाचा 'गा' विदर्भात आजही 'काय गा' म्हणून ऐकू येतो. तोच अर्थ, तेच काम, तीच भाषा, आणि मध्ये शतकांचं लिखित साहित्य. पुरावा म्हणतात तो असा. चांदूर बाजारहून हाकेच्या अंतरावर रिद्धपूर आहे, जिथे म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केलं आणि जिथे आता मराठी भाषा विद्यापीठ उभं राहिलं आहे. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या 1905 च्या सातव्या खंडात वऱ्हाडीचे नमुने आहेत, पण ते त्या काळचे. आजचा 'बे' कोणत्या वयाचा माणूस कोणाला म्हणतो, बापासमोर गिळतो का, मुली आता एकमेकींना 'वं' सोडून 'बे' म्हणू लागल्या आहेत का, मेळघाटच्या बाजूला कोरकू बोलणाऱ्यांच्या मराठीत तो किती शिरला आहे, याची गावोगावची नोंद करायला या विद्यापीठाला फार पैसा लागणार नाही. दोन-चार तरुण, एक ध्वनिमुद्रक आणि एसटीचा पास पुरे.