शेवटी उरलेला गडी

जूनच्या मध्यावर शाळांची घंटा पुन्हा वाजू लागते. वह्यापुस्तकांना कव्हरे घातली जातात, वाढत्या अंगाच्या हिशेबाने गणवेश दोन बोटे ढगळ शिवला जातो, दप्तर कोणते घ्यायचे यावर घरोघरी खल होतो. पालकसभांतून गुण, शिकवण्या, बसची वेळ आणि शुल्कवाढ या विषयांवर तावातावाने बोलले जाते. परंतु ज्या एका प्रश्नावर मुलाचे पुढचे दहा महिने सुखाचे की दु:खाचे हे ठरावयाचे असते, तो प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. वर्गात याला कोणी आपला म्हणते काय?

मैदानावर गडी वाटून घेण्याची आपली जुनी रीत सर्वांना ठाऊक आहे. दोन म्होरके समोरासमोर उभे राहतात आणि आळीपाळीने एकेकाला बोलावतात. आधी चपळ मुले जातात, मग दांडगी, मग म्होरक्यांचे मित्र. अखेरीस एक जण उरतो. त्याला कोणी निवडलेले नसते. तो केवळ वाट्याला आलेला असतो. हा प्रकार पाच मिनिटांत आटोपतो आणि खेळ सुरू होतो. इतरांच्या तो ध्यानातही राहत नाही. उरलेला मात्र तो पन्नास वर्षे विसरत नाही.

इंग्रजीत ज्यास ‘बुलिंग’ म्हणतात त्याला आपण चिडवाचिडवी म्हणतो. शब्दच हलका असल्यामुळे अपराधही हलका वाटतो. ‘मुले आहेत, चालायचेच’ हे वाक्य आपल्या घरांतून आणि शिक्षकांच्या खोलीतून इतक्या सहजतेने उच्चारले जाते, की त्यापुढे विचार करण्याची गरजच उरत नाही. हे चालू दिले तर कोठवर जाते, याचे एक उदाहरण जपानने जगापुढे ठेवले आहे.

टोकियोच्या नाकानो भागातील एका माध्यमिक शाळेत नोव्हेंबर १९८५ मध्ये एका वर्गाने आपल्याच एका वर्गमित्राच्या ‘अंत्यविधी’चा खेळ मांडला. त्याच्या बाकावर फुले ठेवली, उदबत्ती लावली आणि जपानी प्रथेप्रमाणे निरोपाच्या पुठ्ठ्यावर सर्वांनी संदेश लिहिले. मुलगा वर्गात आला तेव्हा त्याने हे सारे पाहिले. बहुतेक वर्गाने त्यावर सह्या केल्या होत्या. त्याहून भयंकर गोष्ट अशी की त्या पुठ्ठ्यावर चार शिक्षकांच्याही सह्या होत्या, त्यात वर्गशिक्षकही होते. ‘गंमत आहे’ असे मुलांनी सांगितले, म्हणून सही केली, असे त्यांचे म्हणणे पडले. १ फेब्रुवारी १९८६ रोजी त्या तेरा वर्षांच्या मुलाने आपले जीवन संपवले.

जपान हादरला. तरीही २०११ मध्ये ओत्सु येथे पुन्हा तसेच घडले. शाळेने आणि स्थानिक शिक्षण मंडळाने आधी हात झटकले. त्यावरून देशभर एवढा क्षोभ उसळला की २०१३ मध्ये तेथील संसदेला शालेय छळाच्या प्रतिबंधासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. आज तेथील शिक्षण मंत्रालय दरवर्षी शाळाशाळांतील अशा घटनांची मोजदाद प्रसिद्ध करते. २०२३ च्या शैक्षणिक वर्षात हा आकडा सात लाखांच्या वर गेला. यावरून जपानी मुले अधिक निर्दय आहेत असे कोणी समजू नये. ज्याला त्रास झाला त्याला काय वाटले, यावरून घटना मोजावयाची, असे त्यांनी ठरविले आहे. आपल्याकडे असे कोणी मोजतच नाही, म्हणून आपला आकडा शून्य!

त्या पुठ्ठ्यावर सही करणारी सारीच मुले दुष्ट होती काय? एका वर्गात तीसचाळीस दुष्ट मुले एकत्र येतील हे संभवत नाही. चारदोघांना तो खेळ सुचला असेल, आणखी काहींना हसू आले असेल. उरलेल्यांनी पुठ्ठा आपल्यापुढे आल्यावर आधीच्या सह्या पाहिल्या आणि आपलीही केली. जपानचे समाजशास्त्रज्ञ योजी मोरिता यांनी वर्गातील छळाची रचना चार वर्तुळांची असते, असे मांडले आहे. ज्याचा छळ होतो तो, छळणारे, भोवती उभे राहून मजा पाहणारे आणि त्यापलीकडे मान फिरवून बसणारे. छळ किती वाढणार हे पहिल्या दोघांपेक्षा शेवटच्या दोन वर्तुळांवर ठरते.

माणूस चारचौघांपुढे किती सहज वाकतो हे सॉलोमन ॲश या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात एका साध्या प्रयोगाने दाखवून दिले होते. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन रेघा. त्या तिघींपैकी पहिलीएवढी कोणती, इतकेच सांगावयाचे. लहान मुलालाही जमावे असे. परंतु खोलीतील इतर सारे जण आधीच पढवून ठेवलेले, ठरल्याप्रमाणे चुकीचे उत्तर देणारे. महाविद्यालयात शिकणाऱ्या तरुणांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जणांनी निदान एकदा तरी डोळ्यांना दिसणारे सत्य सोडून इतरांच्या सुरात सूर मिसळला. मात्र त्या खोलीत एकाने जरी खरे उत्तर दिले, तरी बिचकणाऱ्याला धीर येई आणि चुकीच्या उत्तरांचे प्रमाण पूर्वीच्या चौथ्या हिश्शावर येई. येथे दंड नव्हता, भय नव्हते, ओळखही नव्हती. आता विचार करा, ज्या वर्गात रोज सहा तास काढावयाचे, ज्यांच्यासोबत डबा खावयाचा, ज्यांच्यावाचून घरी परतताना सोबत नाही, त्या चाळीस जणांपुढे तेरा वर्षांच्या मुलाने एकट्याने वेगळा सूर लावावयाचा आहे.

येथे प्रस्तुत लेखकाला स्वत:विषयी थोडे सांगणे भाग आहे. वडिलांच्या बदलीमुळे सातवीत नव्या गावी, नव्या शाळेत दाखल झालो. शाळेचे नाव सांगण्याचे कारण नाही. पहिले दोन महिने कोणी बोलेना. त्या वर्गात एक मुलगा अडखळत बोलणारा होता. हजेरीच्या वेळी त्याचे नाव पुकारले की सारा वर्ग श्वास रोखून थांबे आणि त्याने ‘ह... ह...’ अशी सुरुवात करताच मागच्या बाकांवरून तोच नाद उमटे. एके दिवशी मधल्या सुट्टीत आम्ही त्याची नक्कल करून दाखविली. ती इतरांपेक्षा चांगली साधली. त्याच दुपारी आम्हाला मित्र मिळाले, क्रिकेटमध्ये गडी म्हणून जागा मिळाली, डब्याच्या गोलात बसावयास बोलावणे आले. पुढे वर्षभर ती नक्कल आम्हाला करावी लागली, कारण मैत्रीचे भाडेच ते होते. आमचे वर्गशिक्षक प्रेमळ होते, कधी छडी उगारीत नसत. परंतु हजेरी घेताना तेही ओठांतल्या ओठांत हसत. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो मुलगा शाळेत आला नाही. दुसऱ्या शाळेत गेला, एवढेच कळले. चौकशी कोणी केली नाही, आम्हीही नाही.

त्या टोळीतील मैत्री खोटी होती असे आज म्हणणे सोपे आहे. परंतु ती खोटी नव्हती. त्यातील दोघे आजही जिवाभावाचे आहेत. गटाची ऊब खरी असते, आणि म्हणूनच तिची किंमत कोणी दुसरा मोजतो आहे हे त्या वयात दिसत नाही. घरी आईवडिलांनी खोटे बोलू नये, चोरी करू नये असे शंभरदा बजावले होते. पण मित्र मिळविण्यासाठी कोणाला खाली ढकलू नये, हे सांगावे असे त्यांना कधी वाटले नाही, कारण आपला मुलगा असे करील ही कल्पनाच त्यांना शिवली नव्हती. आपण सुसंस्कृत घरांतील माणसे! संध्याकाळी शुभंकरोति म्हणणारी मुले कोणाचा छळ कशी करतील?

या भ्रमाचे उत्तर आपल्याच इतिहासात लिहिलेले आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये भीमराव आंबेडकर शिकत होते. एकदा शिक्षकांनी त्यांना गणित सोडविण्यास फळ्यापाशी बोलावले. फळ्याच्या मागे मुलांचे जेवणाचे डबे ठेवलेले असत. ते फळ्यापर्यंत पोचण्याच्या आत सारा वर्ग धावला आणि प्रत्येकाने आपापला डबा बाजूला ओढला. धनंजय कीर यांच्या चरित्रात हा प्रसंग आहे. ती मुले बहुतेक सुखवस्तू, सुशिक्षित, देवधर्म करणाऱ्या घरांतील असणार. त्यांना तसे करावयास त्या दिवशी कोणी सांगितले नव्हते. घरात जे पाहिले तेच त्यांनी वर्गात केले, आणि एकाने केले म्हणून दुसऱ्याने केले. आपला डबा जागच्या जागी राहू देणारा एकही मुलगा त्या वर्गात निघाला नाही, हे आज वाचताना मान खाली जाते. शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या उद्यानात पुस्तक घेऊन एकट्यानेच बसणाऱ्या या विद्यार्थ्याकडे कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींचे लक्ष गेले, त्यांनी आपण होऊन विचारपूस केली आणि १९०७ मध्ये मॅट्रिकच्या सत्कारप्रसंगी स्वत: लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. गुरुजी त्या शाळेचे शिक्षक नव्हते. त्यांनी एकट्या बसलेल्या मुलाकडे पाहिले, एवढेच.

आज डबे ओढले जात नाहीत, निदान उघडपणे नाही. पण नव्या मुलाला नाव सांगितल्यावर ‘आडनाव काय?’ असा दुसरा प्रश्न येतोच. रंग, जाडी, चष्मा, अडखळणे, आईची नोकरी, घराचा पत्ता, जुन्या मॉडेलचा मोबाईल, मराठी शाळेतून आल्यामुळे इंग्रजीत होणारी चूक, यांपैकी काहीही पुरते. एके काळी शाळा सुटली की छळही सुटे. आता वर्गाचा व्हॉट्सॲप गट रात्री अकरापर्यंत जागा असतो. ज्याला त्या गटातून वगळले त्याला सकाळी वर्गात शिरताना रात्रीचे हसणे सर्वांच्या चेहऱ्यांवर दिसते, आणि हसण्याचे कारण मात्र कळत नाही.

कायदे नाहीत असे नाही. महाराष्ट्राने १९९९ मध्येच रॅगिंगविरोधी कायदा केला. दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड अशी त्यात तरतूद आहे. मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातील एका वैद्यकीय महाविद्यालयात रॅगिंगमुळे एका विद्यार्थ्याचा मृत्यू झाला आणि त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने कडक नियम आणले. परंतु हे सारे महाविद्यालय आणि वसतिगृह डोळ्यांपुढे ठेवून चालते. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने बालकाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यास मनाई केली, पण शाळा तेही शिक्षकाच्या छडीपुरतेच वाचतात. सहावीच्या वर्गातील मुलाने कोठे जावे? भिंतीवर तक्रारपेटी असते, खरे. साऱ्या वर्गाच्या देखत त्या पेटीत चिठ्ठी टाकण्याचे धैर्य ज्याच्यापाशी आहे, त्याला बहुधा पेटीची गरजच नसते.

नॉर्वेने वेगळी वाट धरली. १९८२ च्या अखेरीस उत्तर नॉर्वेत वर्गमित्रांच्या छळामुळे तीन मुलांनी आत्महत्या केल्याचे उघड झाले. दुसऱ्याच वर्षी देशव्यापी मोहीम उभी राहिली आणि बर्गन येथील मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेअस यांनी शाळांसाठी कार्यक्रम आखला. त्यात चमत्कारिक काही नव्हते. मुलांना गुप्तपणे प्रश्नावली भरावयास द्यावयाची, मधल्या सुट्टीत मोठ्या माणसांनी मैदानात हजर राहावयाचे, वर्गाने मिळून दोनचार नियम ठरवावयाचे, त्यावर नियमित वर्गबैठक घ्यावयाची, आणि छळणारा व छळला जाणारा या दोघांशीही व त्यांच्या पालकांशीही गंभीरपणे बोलावयाचे. दोन वर्षांत बर्गनच्या शाळांतील छळाचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. खर्च म्हणाल तर शिक्षकांच्या मधल्या सुट्टीतील चहाचा!

कॅनडात टोरांटोच्या शाळांच्या मैदानांवर केलेले निरीक्षण २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे दहापैकी जवळजवळ नऊ प्रसंगांत इतर मुले भोवती हजर होती. मध्ये पडणारी मात्र पाचांत एका प्रसंगी. पण जेव्हा कोणी मध्ये पडले, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा दहा सेकंदांच्या आत प्रकार थांबला. अवघी दहा सेकंदे! एवढ्या वेळात एका मुलाला ‘पुरे रे’ म्हणता येते, किंवा काही न बोलता त्या एकट्याशेजारी जाऊन उभे राहता येते. परंतु हे धैर्य आयत्या वेळी येत नाही. घरी जेवताना शेजाऱ्याच्या बोबड्या बोलण्याची नक्कल करून आपणच हशा पिकवीत असू, तर मुलाने वर्गात कोणाकडे पाहून ते शिकावे?

आपल्या खेळांत एक सुंदर सोय पूर्वापार आहे. लहानग्याला किंवा दुबळ्याला ‘कच्चे लिंबू’ म्हणून घेतात. तो धावतो, पकडला जातो, पण बाद होत नाही, आणि कोणत्याही बाजूने खेळू शकतो. नावात किंचित टोमणा आहे, परंतु त्याला घरी पाठवून खेळ सुरू करावयाचा नाही, हे गल्लीतील पोरांनी कोणी न शिकवता ठरविले होते. हल्ली हा शब्द ऐकू येत नाही. क्रीडाशिक्षकांनी म्होरक्यांकडून गडी निवडून घेण्याऐवजी ‘एक-दोन, एक-दोन’ अशी मोजणी करून संघ पाडले, तरी शेवटी उरलेला कोणी राहत नाही. त्यासाठी शासनाच्या परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही.

येत्या महिन्याभरात शाळाशाळांतून पहिल्या पालकसभा होतील. गुण, बस आणि शुल्क यांची चर्चा झाली, की वर्गशिक्षकांना बाजूला घेऊन दोन प्रश्न अवश्य विचारावेत. आमचा मुलगा मधल्या सुट्टीत कोणाबरोबर बसतो? आणि या वर्गात एकटे कोण बसते?