हंसविणारे काका

वाचकहो, या सदरांत आम्ही बहुधा थोरांचीं चरित्रें सांगतों. आज ज्यांची आठवण लिहीत आहों, त्यांचें नांव कोणत्याहि ग्रंथांत सांपडणार नाहीं. उभा गांव त्यांस 'काका' म्हणे; आम्हीहि तेंच म्हणूं.

आमचें वाई गांव विद्वत्तेबद्दल प्रसिद्ध. येथें १९१६ सालीं प्राज्ञपाठशाळा स्थापन झाली. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी याच पाठशाळेचे विद्यार्थी, आणि मराठी विश्वकोशाचें कार्यहि येथूनच चाललें. अशा गांवांत शास्त्रार्थ करणारे पुष्कळ भेटले. मनमोकळें हंसविणारा मात्र आम्हांस एकच लाभला.

रास्त्यांनीं १७६२ सालीं बांधलेल्या ढोल्या गणपतीच्या वाटेवर काकांचें पूजासाहित्याचें लहानसें दुकान होतें. कापूर, दर्भ, जानवीं, उदबत्त्या, आणि गल्ल्याशेजारीं 'चिमणरावाचें चऱ्हाट' या पुस्तकाची विटलेली प्रत. परीक्षेच्या दिवसांत नारळ घ्यावयास आलेल्या मुलास ते बजावीत, "बाळ, नारळ खुशाल फोड; पेपर मात्र फोडूं नकोस!" उधार मागणारास ते कधीं नाहीं म्हणत नसत. "लिहून ठेवतों," म्हणत, "माझी वही परस्पर चित्रगुप्ताकडे जाते."

भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित असे हास्याचे सहा भेद सांगितले आहेत. त्यांपैकीं पहिले दोन उत्तम प्रकृतीच्या माणसांचे. हें आम्ही वर्गांत अनेक वर्षें शिकविलें. परंतु हंसें आमचेंच झालें, तेव्हां आमची प्रकृति कोणती तें कळून चुकलें.

१९९८ सालची गोष्ट. घाटाच्या पायऱ्यांवर एका विद्यार्थ्यास लोट् लकाराचीं रूपें सांगत असतां शेवाळावरून आमचा पाय घसरला आणि आम्ही पालथे पडलों. लौकरच कृष्णाबाईचा उत्सव आला. प्रसादाच्या पंक्ती उठल्यावर काकांनीं खांद्यावर उपरणें टाकलें, नाकाच्या शेंड्यावर चष्मा लावला, आणि हुबेहूब आमच्या आवाजांत रूपें म्हणत म्हणत मांडवांत साष्टांग पडले. पडल्या पडल्या म्हणाले, "मास्तरांनीं लोट् लकार शिकवावयास घेतला, तो लोटांगणापर्यंत नेऊनच सोडला!" मांडव हास्यानें दणाणला. त्यांत आमचे विद्यार्थीहि होते. आम्ही उठून घरीं आलों.

त्यानंतर दोन वर्षें आम्ही काकांशीं एक शब्दहि बोललों नाहीं. कापूरसुद्धां दुसऱ्या दुकानांतून आणिला. ते वाटेंत हात जोडीत. आम्ही नदीकडे पाहत पुढें जात असूं.

२००० सालीं आमचे कनिष्ठ बंधु अकस्मात् वारले. त्याच सायंकाळीं काका आले आणि ओटीच्या कोपऱ्यांत बसले. दुसऱ्या व तिसऱ्या दिवशींहि आले. बोलले कांहींच नाहींत. मातोश्रींनीं तीन दिवस अन्नास स्पर्श केला नव्हता. त्यांच्या डोळ्यांस पाणीहि येत नव्हतें. चौथ्या दिवशीं काका त्यांच्यासमोर जाऊन बसले व हळूच म्हणाले, "वहिनी, धाकट्याची मुंज होऊन महिना झाला नव्हता. पतंगाचा दोरा कमी पडला म्हणून पठ्ठ्यानें गळ्यांतलें जानवें काढून जोडलें. पतंग गेला, जानवेंहि गेलें. मग नवें उधार मागावयास माझ्याकडे आला. म्हणाला, 'काका, आईला सांगूं नका.' मी आजवर सांगितलें नव्हतें."

मातोश्रींच्या ओंठांवर क्षणभर स्मित उमटलें. मागोमाग त्यांना हुंदका फुटला. पुष्कळ वेळ रडल्या. त्या रात्रीं त्यांनीं पेलाभर दूध घेतलें. मृच्छकटिकांतील चारुदत्त दरिद्री झाल्यावरहि त्याचा विदूषक मैत्रेय त्याला सोडून जात नाहीं, हें आम्ही शंभर वेळां वाचलें होतें. त्याचा अर्थ त्या दिवशीं समजला.

काका जावयास निघाले तेव्हां आम्ही दारापर्यंत गेलों. तेच आधीं म्हणाले, "मास्तर, त्या उत्सवांत माझें चुकलें. सगळे हंसले, पण तुम्ही हंसलां नाहीं. तेव्हां तो विनोद फसलाच म्हणावयाचा." आम्ही नुसती मान हलविली. दोन वर्षें अबोला धरल्याबद्दल आम्हींहि क्षमा मागावयास हवी होती. जीभ रेटली नाहीं. पुढें काका उत्सवांत नकला करीत राहिले, पण पायरीवरून पडणारा माणूस नेहमीं दुकानदार असे, मास्तर कधीं नसे. आमचें जाणें-येणें पूर्ववत् झालें. क्षमेचे शब्द मात्र आज बोलूं, उद्यां बोलूं, असें म्हणतां म्हणतां वीस वर्षांहून अधिक काळ लोटला.

गेल्या चैत्रांत काका गेले. दिवस झाल्यावर त्यांच्या चिरंजिवांनीं एक जीर्ण वही आम्हांपुढें ठेविली. धाकट्याच्या नांवापुढें लिहिलें होतें : 'जानवें १, बाकी.' आम्ही खिशांत हात घातला. तोंच चिरंजीव म्हणाले, "बाबांनीं सांगून ठेविलें आहे, हें खातें मिटवावयाचें नाहीं."

तेव्हां त्या वहींत आतां दोन बाक्या आहेत. एक धाकट्याची, लिहिलेली. दुसरी आमची, न लिहिलेली. वाचकहो, आपलीहि कोठें अशी बाकी असेल, तर माणूस आहे तोंच त्याच्या ओटीवर जाऊन या.