‘हाली’ रुपया म्हणजे काय? जुन्या खरेदीखतांतील हा शब्द का महत्त्वाचा?

छत्रपती संभाजीनगर : निजामकाळातील खरेदीखते, गहाणखते आणि सावकारी चोपड्या मराठवाड्यातील अनेक घरांत आजही जपलेल्या आहेत. त्यांत रकमेसोबत ‘सिक्का हाली’ किंवा ‘कलदार’ असा शब्द आढळतो. वाचताना तो सहज सुटतो. मात्र त्या काळी रकमेची खरी किंमत याच शब्दावर ठरत असे.

‘हाली’ शब्द कुठून आला?

अरबीत ‘हाल’ म्हणजे सध्याची स्थिती. ‘हाली’ म्हणजे सध्याचा, चालू. आपण रोज वापरतो तो ‘हल्ली’ हा शब्दही याच कुळातला. ‘सिक्का’ हाही मूळ अरबी शब्द; नाणे पाडण्याच्या ठशाला सिक्का म्हणत. म्हणजे ‘हाली सिक्का’ याचा अर्थ सध्या चलनात असलेले नाणे. १८५७च्या उठावापर्यंत हैदराबादची नाणी मोगल बादशहाच्या नावाने पडत. बादशाही संपल्यावर निजामाचे नवे नाणे आले आणि ते ‘हाली’ म्हणून ओळखले जाऊ लागले.

मग ‘कलदार’ कोणता?

कलदार म्हणजे ब्रिटिश सरकारचा रुपया. कल किंवा कळ म्हणजे यंत्र. यंत्रावर पाडलेला, कडेला एकसारख्या रेघा असलेला तो कलदार. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चारमिनारचे चित्र असलेली हाली नाणीही यंत्रावर पडू लागली. पण ‘कलदार’ हे नाव ब्रिटिश रुपयालाच चिकटून राहिले.

दोन्हींत फरक किती?

साधारण ७ हाली रुपये म्हणजे ६ कलदार. १०० कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली मोजावे लागत. या दराचे मूळ चांदीत दिसते. कलदाराचे वजन ११.६६ ग्रॅम, चांदी सुमारे ९१.७ टक्के, हालीचे वजन सुमारे ११.१८ ग्रॅम, चांदी सुमारे ८१.८ टक्के. शुद्ध चांदीचा हिशेब केला तर कलदारात सुमारे १०.७ ग्रॅम, तर हालीत ९.१ ग्रॅम भरते. हे प्रमाणही जवळपास ७ : ६ असेच येते. म्हणजे एक हाली रुपया कलदाराच्या पावणेचौदा आण्यांना पडे.

आज त्याचे काय?

१७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला आणि १९५०च्या दशकात हाली सिक्का चलनातून गेला. ‘चालू’ असे नाव असलेले नाणेच बंद झाले. कागदांवर मात्र ते उरले आहे. ७०० हालीचे गहाण आणि ७०० कलदारांचे गहाण यांत १०० कलदारांचा फरक होता. त्यामुळे जुन्या दस्तांची नक्कल, भाषांतर किंवा संगणकीकरण करताना केवळ ‘रुपये’ लिहून चालणार नाही. आकड्याइतकाच त्याच्या शेजारचा शब्दही मूळ दस्ताचा भाग आहे; तो जसाच्या तसा उतरवला गेला पाहिजे.