लयीची इंग्रजी दैना

गाण्याच्या मैफलींचीं इंग्रजी परीक्षणें आमच्या वाचनांत वारंवार येतात, आणि त्यांत ‘लय’ या अर्थीं ‘रिदम’ हा शब्द पाहून आमचें मस्तक उठतें. गायकानें रिदम वाढविला म्हणजे केलें तरी काय? सोळा मात्रांचा त्रिताल विलंबितांत वाजो कीं द्रुतांत, मात्रा सोळाच आणि खाली नवव्या मात्रेवरच. बदलते ती लय; तिला इंग्रजींत ‘टेम्पो’ म्हणतात. आमच्या अहिल्यानगरापासून फारशा दूर नसलेल्या देवगिरीस तेराव्या शतकांत शार्ङ्गदेवानें ‘संगीतरत्नाकर’ रचिला. लय म्हणजे दोन क्रियांमधील विश्रांति असें सांगून, द्रुताच्या दुप्पट मध्य आणि मध्याच्या दुप्पट विलंबित असें मापच त्यानें घालून दिलें. इतकी नेमकी कल्पना घरीं असतां पदवीधरांनीं ती परभाषेंत पातळ करावी, हें आम्हांस लाजिरवाणें वाटतें.

कदाचित् ‘टेम्पो’ लिहावयास लेखणी धजत नसेल. कांद्याच्या गोण्या वाहणारा तो टेम्पो! १९५८ सालीं निघालेल्या बजाज टेम्पो कंपनीमुळें हें जर्मन मोटारीचें नांव महाराष्ट्रभर रुळलें. कंपनीचे संस्थापक नवलमल फिरोदिया मूळचे नगरचेच. पण मोटारीनें शब्द नेला म्हणून संगीतानें त्यावरील हक्क सोडावा कीं काय?

‘क्रेसेंडो’ची गत याहून वाईट. इटालियन भाषेंत त्याचा अर्थ ‘वाढत जाणारा’; वाढतो तो नादाचा जोर, वेग नव्हे. वेग वाढत गेला तर तें ‘ॲक्सेलरांडो’. तरी आमचे परीक्षक द्रुत तानांस क्रेसेंडो म्हणतात, आणि गाणें ‘क्रेसेंडोस पोंचलें’ असेंहि लिहितात. म्हणजे चढणीलाच शिखर समजावें! कोशांत हा दुसरा अर्थ नोंदलेला आहे, हें आम्ही जाणतों. राजकीय सभेच्या वृत्तांतांत तो खुशाल चालूं द्यावा. गाण्याविषयीं लिहितांना नको.

विलंबितास ‘अडाजियो’ म्हणणारेहि आहेत. अमीरखांसाहेबांचा झुमऱ्यांतील अतिविलंबित ख्याल ऐकावा: एकेका मात्रेस कित्येक सेकंद. अडाजियो वाचून पाश्चात्य वाचक ज्या चालीची कल्पना करील, ती याहून कितीतरी जलद. परदेशांत वाढणाऱ्या आमच्या कित्येक नातवंडांस मराठी वाचतां येत नाहीं. आपलें गाणें तीं याच इंग्रजींतून समजून घेणार. त्यांच्यासाठीं ‘विलंबित’ हा शब्द तसाच ठेवावा, आणि एक आवर्तन किती वेळांत पुरें झालें, तें घड्याळ लावून लिहावें.