मॅनेजर? कशाचे मॅनेजर, बॉस!

एसी गळतोय? पाण्याचे जार आले नाहीत? नव्या पोरीला आयकार्ड हवंय आणि साहेबांना उद्याचं तिकीट? मानपाड्यातलं कुठलंही ऑफिस घ्या, या सगळ्यांवर उपाय एकच. ऑफिस मॅनेजर!

घोडबंदर रोड कितीही जाम असो, कुलूप उघडायला हा सगळ्यांच्या आधी हजर. 7 तारखेच्या आत टीडीएस भरला का, 15 च्या आत पीएफचं चलान गेलं का, म्हणून अकाउंटंटच्या मागे लागणाराही हाच. पेटी कॅशचा हिशेब, सफाईवाल्या मावशींची रजा, आग विझवायच्या सिलिंडरचं रिफिलिंग, रात्री थांबणाऱ्या मुलींची कॅब... सगळं सुरळीत असलं की त्याची कोणाला आठवण नसते. बाथरूमचं पाणी जाऊ द्या, मग बघा!

आता खरी गंमत ऐका. राज्याच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात कामाचे तास दिवसाला 9 आणि आठवड्याला 48 ठरले, जादा कामाला दुप्पट दर. 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने रोजची मर्यादा 10 तासांवर न्यायला मंजुरी दिली. पण व्यवस्थापकीय किंवा देखरेखीच्या पदावरच्या माणसाला हा कायदा लागूच होत नाही! म्हणजे कार्डावर 'मॅनेजर' छापून आलं, घरी पेढे वाटले, आणि ओव्हरटाइम गेला उडत.

पण थांबा. 'कामगार कोण' या वादात कोर्टांनी वर्षानुवर्षं हुद्द्याच्या नावापेक्षा प्रत्यक्ष कामाला महत्त्व दिलंय. तेव्हा स्वतःलाच विचारा. कोणाची रजा मी मंजूर करतो का? न विचारता एखादा खर्च पास करू शकतो का? माझ्या हाताखाली खरंच कोणी आहे का? तिन्ही उत्तरं 'नाही' असतील, तर तुमचं फक्त कार्ड मॅनेजरचं आहे.

आणखी एक. कायद्यातून वगळलेल्या अशा लोकांची यादी कंपनीने वेबसाइटवर, नाहीतर ऑफिसात ठळक जागी लावायची असते. तुमचं नाव त्यात आहे का, बघितलंय कधी?

पुढच्या इन्क्रिमेंटच्या मीटिंगला नुसता आकडा मागू नका. कामं कोणती, अधिकार कोणते आणि रात्री नऊनंतर फोन उचलायचा की नाही, हे लेखी मागा. सगळ्या ऑफिसच्या फायली सांभाळता ना? मग एक स्वतःचीही ठेवा!