नियम घडतात तेथे वैद्य हवा

शासनाचा एखादा नवा नियम आला की आपल्या व्यवसायात ठरलेला क्रम सुरू होतो. नियमाची वार्ता वृत्तपत्रातून कळते, दूरध्वनी खणखणू लागतात, बैठक भरते, निवेदन तयार होते आणि शिष्टमंडळ मुंबईस किंवा दिल्लीस जाते. निवेदन स्वीकारले जाते, छायाचित्र निघते आणि नियम बहुधा आहे तसाच राहतो. या निष्फळतेचा सारा दोष शासनाच्या माथी मारणे आम्हांस उचित वाटत नाही.

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, 1940 यात आयुर्वेदीय औषधांसाठी स्वतंत्र प्रकरण 1964 साली समाविष्ट झाले. त्या प्रकरणान्वये केंद्र शासनास नियम करावयाचा असेल तर तांत्रिक सल्लागार मंडळाचा विचार घ्यावा लागतो आणि मसुदा राजपत्रात अगोदर प्रसिद्ध करावा लागतो. या मंडळावर अध्यापक, औषधनिर्माते आणि चिकित्सक यांना स्थान असावे, हेही कायद्यातच लिहिले आहे. म्हणजे दार आहे आणि आत खुर्चीही आहे. परंतु तीन वर्षांच्या मुदतीसाठी नेमलेला सदस्य आपला दवाखाना किंवा आपला कारखाना सांभाळून बैठकीपुरता जातो. मसुदा त्याच्यापुढे येतो तेव्हा त्यातील शब्द बहुतांशी ठरून गेलेले असतात. ते शब्द ठरविणारा मनुष्य रोज नस्तीसमोर बसलेला असतो, आणि तो सहसा आयुर्वेद शिकलेला नसतो. आमचे म्हणणे या रोजच्या माणसाविषयी आहे.

असा माणूस असला म्हणजे काय घडते, याचे उदाहरण आपल्या हळदीचे आहे. जखम भरून येण्यासाठी हळदीच्या उपयोगावर 1995 साली अमेरिकेत पेटंट दिले गेले. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले आणि 1997 साली ते रद्द झाले. परिषदेचे तत्कालीन महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर यांचे नाव या लढ्याशी जोडले गेले, ते योग्यच आहे. परंतु आम्हांस अधिक मोलाचे वाटते ते त्यानंतरचे, फारशी प्रसिद्धी न लाभलेले काम. 2001 मध्ये पारंपरिक ज्ञानाचे अंकीय ग्रंथालय उभारण्यास प्रारंभ झाला. तेथे आयुर्वेदाचे पदवीधर संगणक-तज्ज्ञ व पेटंट-परीक्षक यांच्या शेजारी बसले आणि संहितांतील एकेक योग वर्गीकृत करून इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश व जपानी या पाच भाषांत वाचता येईल असा मांडला. श्लोकातील ‘व्रणरोपण’ या शब्दाने नेमके काय अभिप्रेत आहे, हे म्युनिकच्या परीक्षकास कळेल अशा रीतीने मांडणे हे भाषांतरकाराचे काम नव्हे, केवळ वैद्याचेही नव्हे. दोन्ही बाजूंची परिभाषा अवगत असलेला दुभाषाच ते करू शकतो.

औषधशाळांच्या चालकांना नियम 158-ब चांगलाच परिचित आहे. 2010 साली आलेल्या या नियमाने ग्रंथोक्त योग ग्रंथोक्त उपयोगासाठी विकणाऱ्यास सुरक्षिततेच्या नव्या अभ्यासातून मोकळे ठेवले आणि पेटंट वा प्रोप्रायटरी औषधाकडून मात्र परिणामकारकतेचा पुरावा मागितला. हा भेद आमच्या मते रास्त आहे. आणि ‘ग्रंथोक्त’ म्हणजे कोणत्या ग्रंथातील? तर कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतील. चरक, सुश्रुत, शार्ङ्गधर, योगरत्नाकर, निघंटुरत्नाकर ही नावे त्या यादीत आली म्हणून आज त्यांतील योगांना परवाना मिळतो. एका यादीचे वजन किती, हे यावरून ध्यानात यावे.

आमच्या शहापूरच्या दृष्टीने सर्वांत जवळचा प्रश्न जैविक विविधता कायद्याचा आहे. कोका-नागझिऱ्याच्या वनपट्ट्यातील हिरडा, बेहडा, आवळा, बेल, मोह यांवर या परिसरातील संकलक आणि लहान औषधशाळा दोघेही अवलंबून आहेत. 2002 च्या मूळ कायद्याने राज्य मंडळास पूर्वसूचना देण्याच्या बंधनातून स्थानिक लोक, वैद्य आणि हकीम यांना वगळले. औषधशाळांना वगळले नाही. 2014 च्या विनियमांनी लाभवाटपाची आकारणी उलाढालीच्या टक्केवारीत सांगितली. भारतीय कंपन्यांनाही हे वाटप लागू आहे, असा निर्णय उत्तराखंड उच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिला. त्यानंतर 2023 ची दुरुस्ती आली आणि 1 एप्रिल 2024 पासून अमलात आली. तिने नोंदणीकृत आयुष व्यावसायिक आणि संहिताबद्ध पारंपरिक ज्ञान यांना सूट दिली.

औषधशाळाचालकांनी या सुटीचे स्वागत केले असेल, ते स्वाभाविक आहे. आम्ही मात्र येथे थोडे थांबू इच्छितो. टक्केवारीच्या हिशेबात झाडाखाली वेचलेले हिरड्याचे फळ आणि रोप उपटून काढलेले सर्पगंधेचे मूळ यांत काहीच भेद राहत नव्हता. सरसकट सुटीतही तो राहत नाही. एकात झाड उभे राहते, दुसऱ्यात वनस्पतीच जाते. द्रव्यगुणाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यास कळणारी ही गोष्ट कायद्याच्या भाषेत उतरविणारा कोणी हवा होता. तसा भेद झाला असता तर फळे-फुले वापरणाऱ्या औषधशाळेवर भार पडला नसता आणि मुळासाठी पैसे मोजणाऱ्याचा वाटा संकलकापर्यंत पोहोचविता आला असता.

वाटा अगदीच बंद आहेत असे नाही. 2017 मध्ये वैद्य राजेश कोटेचा हे आयुष मंत्रालयाच्या सचिवालयात वरिष्ठ पदावर आले. 2021 मध्ये स्थापन झालेल्या भारतीय चिकित्सा पद्धती राष्ट्रीय आयोगाचे पहिले अध्यक्ष नागपूरचे वैद्य जयंत देवपुजारी झाले. परंतु शिखरावरील नेमणुकांनी पायथ्याची उणीव भरून निघत नाही. अमेरिकेत 1973 पासून विज्ञानवर्धिनी संस्था शास्त्रज्ञांना वर्षभरासाठी लोकप्रतिनिधींच्या कार्यालयात धाडते. आपल्याकडे 2010 पासून खासदारांसोबत काम करणाऱ्या तरुण पदवीधरांसाठी अशी एक फेलोशिप आहे, आणि 2015 मध्ये महाराष्ट्रात मुख्यमंत्री फेलोशिप सुरू झाली. दोन्हींस कोणत्याही शाखेची पदवी चालते. वयाची मर्यादा मात्र कडक असते, आणि आंतरवासिता आटोपून बाहेर पडलेल्या आपल्या पदवीधराच्या हाती थोडाच अवधी उरतो. औषध-निरीक्षकाचे पद, गाझियाबादचा औषधकोश आयोग, नागपूरचे राज्य जैवविविधता मंडळ हीही कार्यक्षेत्रे आहेत. आमच्या माहितीतील किती पालक मुलास यांपैकी एखादे सुचवितात? दवाखान्याची जागा घेऊन देणे त्यांना अधिक निर्धोक वाटते, आणि त्यात त्यांचे फारसे चुकते असेही म्हणवत नाही.

म्हणून संघटनेने एक प्रयोग करावा. दरवर्षी एका पदवीधरास वर्षभराचे निर्वाहवेतन द्यावे. त्याने राजपत्रातील मसुदे मुदतीच्या आत वाचावेत, त्यांचा मराठी गोषवारा या त्रैमासिकात द्यावा आणि हरकती कलमवार लिहून पाठवाव्यात. वेतनाचा भार औषधशाळा व चिकित्सक यांनी निम्मा-निम्मा उचलावा. निवड मात्र पदाधिकाऱ्यांच्या नातलगांतून होऊ नये, हे आताच लिहून ठेवलेले बरे.