एसीचा हप्ता भरण्याआधी पत्रा पांढरा करा

पत्र्याखाली राहणाऱ्या भावाबहिणींनो,

फेब्रुवारी सरत आला. धारावी, गोवंडी, कळव्याच्या गल्ल्यांत आता हप्त्यावरचे एसी चढू लागतील. भर दुपारी पोटमाळ्यावर हात वर केला तर तळव्याला धग लागते. अशा घरात तान्हं मूल निजवणाऱ्या आईला एसी घेऊ नकोस, असं मी मुळीच सांगणार नाही. पण आधी पत्रा पांढरा करा, आणि ऊन चढायच्या आत करा.

तापलेला पत्रा दिवसभर खोलीत उष्णता ओततो आणि एसी पैसे खात तीच उपसत बसतो. दीड टनाचा एसी तासाला साधारण दीड युनिट घेतो. रोज आठ तास चालला तर महिन्याला 360 युनिट! वीज कंपनीचा पहिल्या 100 युनिटांचा दर कमी असतो, पुढच्या टप्प्यात तो बराच चढतो. चार घरची धुणीभांडी करून आणलेला पैसा तिथेच जिरतो.

अहमदाबाद महापालिकेने 2017 पासून वस्त्यांतली छपरं पांढरी करायला घेतली. आपल्याकडेही चुन्यात थोडा फेव्हिकॉल कालवून दोन हात मारता येतात. पावसात तो धुऊन जातो, दर वर्षी पुन्हा लावावा लागतो. तरी स्वस्तच पडतो. सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय देऊ नका, तो फुटतो. आडवी फळी टाका, चुना डोळ्यांत जाऊ देऊ नका.

एवढं करूनही एसी लागलाच, तर 10 बाय 12 च्या खोलीला एक टन पुरे. दुकानदार दीड टन गळ्यात मारेल. मोठं मशीन झटकन गार करून थांबतं, हवेतला दमटपणा तसाच राहतो, अंग चिकचिकतं आणि आपण 18 वर आणतो. 24 ते 26 वर ठेवा, सोबत पंखा लावा. एक्स्टेंशन बोर्डावर एसी कधीही जोडू नका. वायरमनकडून स्वतंत्र जाड वायर आणि एमसीबी बसवून घ्या. शेगडी त्याच खोलीत असेल तर स्वयंपाक उरकेपर्यंत एसी बंद आणि दार उघडं.

मंडळाच्या पोरांनो, एका घराचा एसी अरुंद गल्लीत समोरच्याच्या खिडकीवर गरम हवा फेकतो आणि त्या समोरच्याकडे बहुतेक वेळा पंखाच असतो. म्हणून ही उन्हाळी सोय घराघराने नाही, गल्लीने करायची आहे. वर्गणीतून चुना आणि ब्रश आणा. येत्या रविवारी सकाळी लवकर सुरुवात करा, आणि म्हाताऱ्यांची, बाळंतिणींची घरं पहिली घ्या.